सत्कार आणि सातवी मागणी

समस्त सुज्ञ जनांस कळविण्यात येते की, बहरीनच्या राज्यकारभारात आमच्या मंडळाने एकदा, अगदी एकदाच, हात घातला होता. राज्यकारभार सुखरूप आहे. मंडळही सुखरूप आहे. जे काही मोडलं ते गुदैबियातल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये, एका संध्याकाळी मोडलं, आणि ते मोडण्याचा मान मंडळाचा चिटणीस व तहहयात सूत्रसंचालक या दुहेरी नात्याने प्रस्तुत लेखकाकडे जातो. टाळ्या शेवटी वाजवाव्यात. वाजवाव्याशा वाटल्या तर.

आमचं मंडळ म्हणजे इथल्या मराठी व्यावसायिकांचं मंडळ. व्यावसायिक हा शब्द थोडा छाती फुगवून वाचायचा असतो. कोणाचं किराणा दुकान, कोणाचं एसी दुरुस्तीचं काम, कोणाचं शिवणकाम. मी स्वतः सीफमध्ये एका उंच इमारतीत दोन टेबलांचं ऑफिस चालवतो आणि या सगळ्यांचे हिशेब लिहितो. अध्यक्ष वसईचे, तुबलीत त्यांचं गॅरेज आहे, आणि ऑइलने काळे झालेले हात आणि पांढराशुभ्र शर्ट ही जोडी मी फक्त त्यांच्याकडे पाहिली आहे. त्यांना सगळे शेठ म्हणतात.

एकदा शेठच्या गॅरेजमध्ये इथल्या संसदेचे एक सदस्य गाडी घेऊन आले. गाडी होईपर्यंत चहा झाला. चहाच्या ओघात ते म्हणाले, तुम्हा छोट्या धंदेवाल्यांच्या अडचणी काय आहेत, एकदा ऐकायला आवडेल. माणूस सभ्य होता, रीत म्हणून बोलला. शेठनी मात्र त्याच दिवशी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहीर केलं की आपल्याला संसदेपुढे धोरणात्मक मागण्या मांडायच्या आहेत.

धोरण ही काय चीज आहे हे मला त्यानंतरच्या बैठकीत कळलं. धोरण म्हणजे स्वतःची अडचण, फक्त कोट घातलेली. किराणावाल्यांच्या दारात व्हॅन लावायला जागा नव्हती, म्हणून पहिली मागणी झाली, जुन्या वस्त्यांमधील पार्किंगचा सर्वंकष विचार व्हावा. गॅरेजबाहेर गाड्या उभ्या केल्या की शेठना नोटीस येई, म्हणून दुसरी, कार्यशाळांलगतच्या मोकळ्या जागेचे सुयोग्य नियोजन. प्रत्येक जण आपलं रडगाणं घरच्या कपड्यात घेऊन येत होता आणि मी त्याला टाय बांधून परत पाठवत होतो. मला फार मजा येत होती. अशा सहा मागण्या झाल्या.

सातवी वहिनींची.

वहिनी आम्ही राहतो त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, आमच्या डोक्यावर. मूळच्या कोल्हापूरकडच्या, बी.कॉम. झालेल्या, लग्नाआधी पतसंस्थेत नोकरी केलेल्या. नवरा एका हॉटेलात रिसेप्शनवर. इथे आल्या त्या नवऱ्याच्या व्हिसावर, आणि त्या व्हिसावर धंदा करता येत नाही. घरच्या घरी धंदा करायची परवानगी इथल्या नागरिकांना मिळते, आपल्यासारख्यांना नाही. वहिनी गेली कित्येक वर्षं डबे देतात. मंडळातली निम्मी मंडळी त्यांच्या पोळ्यांवर जगते. शेठच्या बायकोची हॉस्पिटलात शिफ्ट असते, त्यामुळे शेठही त्यातच. माझी बायको बँकेत. आमच्याकडे पोळी वरून खाली येते, अक्षरशः, जिन्याने.

आता घरात बेल वाजली की वहिनी काय करत, ते सांगितलं पाहिजे. आधी विचारत, कोण. ओळखीचा आवाज आला नाही तर सगळे डबे उचलून बाथटबमध्ये ठेवत आणि वर पडदा ओढत. मग दार उघडत. मी ही गोष्ट पार्ट्यांमध्ये अनेकदा साभिनय करून दाखवली आहे. पडदा ओढण्याचा अभिनय माझा विशेष गाजलेला होता.

त्या वर्षी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन भाडेकरू आले आणि फोडणीच्या वासाबद्दल वॉचमनकडे कुरकुर करू लागले. त्यातच वहिनींच्या नवऱ्याचं हॉटेल विकलं जाणार अशी बातमी आली. म्हणजे घर डब्यांवर चालणार, आणि डबे बाथटबमध्ये. कोणी रीतसर तक्रार केली असती तर डबे बंद, आणि डबे बंद झाले तर त्या कुटुंबाला सामान बांधून परत जावं लागलं असतं. वहिनींना हवी होती ती परवानगी. तपासणी करा, फी घ्या, काय ते नियम लावा, पण दारावर एक बोर्ड लावू द्या. बोर्डाचं त्या फार बोलत.

बैठकीत त्यांनी हे सांगितलं तेव्हा शेठ त्यांचीच पोळी खात होते.

"वहिनी, तुमचं बरोबर आहे," शेठ घास गिळून म्हणाले, "पण आज जे चालतंय ते कायद्यात बसत नाही ना. आपण लेखी मागितलं तर उद्या विचारतील, हे सध्या करतंय कोण?"

"मी करते. आणि खाता तुम्ही."

"तेच म्हणतोय मी. सगळेच अडकू."

"पोळी खाताना अडकत नाही, शेठ, मागताना कशी अडकते?"

शेठना ठसका लागला. पाणी वहिनींनीच दिलं.

शेवटी सौदा ठरला. त्या सदस्यांना पाहुणे म्हणून बोलावून जो कार्यक्रम करायचा होता त्याचं खाणं वहिनी करतील, आणि सातवी मागणी मंडळ मांडेल. मांडेल म्हणजे, पाहुण्यांसमोर वहिनी स्वतः उठून दोन वाक्यं बोलतील. स्वतःच्या घराचा उल्लेख नको, अशा बायकांना परवानगी मिळावी एवढंच. बाकीच्या सहा मागण्या आम्ही वाचणार होतो. स्वतःच्या शब्दांत बोलणाऱ्या अशा त्या एकट्याच.

मागणीचं इंग्रजी अर्थात मी केलं. महिलाप्रणीत सूक्ष्म उद्योगांसाठी पोषक परिसंस्था, अशा थाटाचं काहीतरी. मोठ्या अभिमानाने त्याचं मराठी करून वहिनींना ऐकवलं.

"भाऊ, झकास आहे," त्या म्हणाल्या. "पण यात माझी पोळी कुठं आहे?"

"पोळी गृहीत आहे."

"पोळी गृहीत धरूनच तर एवढी वर्षं चाललंय."

त्यांनी आपली दोन वाक्यं आपणच केली, साध्या इंग्रजीत, आणि ती पाठ करायला जिन्यात उभ्या राहत. मी ऑफिसातून येताना मला थांबवून म्हणून दाखवत. माझी मुलगी मराठीत विचारलेल्या प्रश्नालाही इंग्रजीतच उत्तर देणारी. तिने वहिनींचा एक उच्चार सुधारला आणि त्या बदल्यात दोन लाडू मिळवले. "माझं नाव पुकारायला विसरू नका हं, भाऊ," वहिनी म्हणत. मी छातीवर हात ठेवून म्हणे, विसरीन तर सूत्रसंचालक नाही.

कार्यक्रम ठरला तो असर आणि मगरिब, म्हणजे दुपारची आणि सूर्यास्ताची, या दोन नमाजांच्या मध्ये. मगरिबला पाहुण्यांना निघायचं होतं, आणि हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. सात मागण्यांना तेवढा वेळ भरपूर होता. पण मराठी माणूस पाहुण्याला घरात घेऊन एकदम मुद्द्यावर येतो का? मुद्द्यावर एकदम येणं हे आपल्याकडे फक्त सावकाराचं काम. पाहुण्यांचा यथोचित सत्कार झाला पाहिजे, यावर मंडळात कधी नव्हे ते एकमत झालं.

तर मंडळी, पडदा उघडतो. पाहुणे आले. स्वच्छ पांढरा पायघोळ थोब, डोक्यावर गुत्रा आणि त्यावर काळी कडी, चेहऱ्यावर प्रसन्न हसू. प्रथम दीपप्रज्वलन. हॉलच्या मॅनेजरने ज्योत पेटवायला मनाई केली होती, त्यामुळे आम्ही विजेची समई आणली होती. मी धीरगंभीर आवाजात अंधारातून प्रकाशाकडे जाण्याबद्दल बोललो आणि पाहुण्यांनी बटण दाबलं. समई लागली नाही. एसीवाले सभासद पुढे सरसावले, प्लग काढून पुन्हा घातला. समई लागली. टाळ्या.

मग स्वागतगीत, तीन कडव्यांचं. मग पाहुण्यांचा परिचय, जो मी करून दिला. पाहुण्यांबद्दल मला फारशी माहिती नव्हती, त्यामुळे परिचय लांबला. माहिती असली की माणूस आटोपतं घेतो. नसली की समुद्र, मोती, खजुराची झाडं आणि दोन संस्कृतींमधला पूल असं सगळं आणावं लागतं. पुलावर मी बराच वेळ होतो. समोरच्या खुर्च्यांवरची मंडळी माना डोलावत होती, आणि खरं सांगतो, सभागृह हातात आलं की मला घड्याळ दिसत नाही.

मग शाल. बाहेर उन्हाळा कडक, आत एसी बेताचा, आणि पाहुण्यांच्या खांद्यावर जाड काठांची शाल. मग श्रीफळ. नारळ हातात दिला की तो घेऊन शेजारच्याकडे द्यायचा असतो हे आपल्याला माहीत, त्यांना कोण सांगणार? ते बिचारे शेवटपर्यंत नारळ दोन्ही हातांनी धरून बसले, नवजात बाळ धरावं तसे. मग फेटा. इथे मोठाच पेच आला. पाहुण्यांचं डोकं आधीच व्यवस्थित बांधलेलं होतं. फेटा बांधणारे गृहस्थ कापड पसरून त्यांच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून आले आणि माझ्याकडे पाहू लागले. आणलेला फेटा परत न्यायचा नसतो. तो शेठच्या डोक्यावर बांधण्यात आला. शेठच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या भरात त्यांनी अध्यक्षीय मनोगत सुरू केलं. वसईहून निघाल्यापासून.

हॉलच्या मागच्या टोकाला, खाण्याच्या टेबलाशी वहिनी उभ्या होत्या. ठेवणीतली साडी, केसांत जाईचा गजरा, मनामाच्या बाजारातून आणलेला. मी त्या बाजूला पाहिलं की त्यांचे ओठ हलताना दिसत. दोन वाक्यं म्हणत होत्या. मी मानेने खूण करत होतो, येतोय, येतोय.

पहिली मागणी मी वाचली. दुसरी शेठनी वाचली आणि गॅरेजबाहेरच्या जागेचा आकार हात पसरून दाखवताना फेटा डाव्या कानावर आला. तिसरीचं पहिलं वाक्य झालं आणि पाहुण्यांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेरचं ऊन पिवळं पडलं होतं. ते अगदी अदबीने म्हणाले, मला निघावं लागेल.

सूत्रसंचालक अशा वेळी डगमगत नाही. मी म्हटलं, उर्वरित मागण्या आम्ही आपणास सादर करत असलेल्या फायलीत आहेतच. फाइल त्यांच्या काखेत दिली, कारण हात नारळात गुंतले होते. आणि म्हटलं, दोन घास तरी घेऊन जा.

वहिनींचे ओठ हलायचे थांबले. एवढं मी पाहिलं. मग मी दुसरीकडे पाहिलं.

पाहुणे टेबलापाशी आले. वहिनींनी बशी पुढे केली. कोथिंबीर वडी होती, आणि खजुराची पोळी. ही पोळी वहिनींचा स्वतःचा शोध. तीळगुळाच्या पोळीसारखी, पण गुळाच्या जागी इथला खजूर, थोडी वेलची, वर तुपाचा हात. पाहुण्यांनी नारळ टेबलावर ठेवला, त्या संध्याकाळी पहिल्यांदाच, आणि पोळीचा तुकडा तोंडात घातला. चावता चावता थांबले. दुसरा तुकडा घेतला. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "हा आमचा खजूर आहे. पण हे असं कधी खाल्लं नव्हतं. कोणाकडून मागवलंत?"

शेठनी फेट्याचा शेमला चाचपायला सुरुवात केली. मी विचार केला, आणि तो विचार मला त्या क्षणी मोठा सुज्ञ वाटला, की कायदे करणाऱ्या माणसासमोर कायद्यात न बसणारं स्वयंपाकघर उघडं करायचं नाही. वहिनींच्याच भल्यासाठी. भीतीला असा सदरा घालायला मी तत्पर असतो, आयुष्यभर इतरांच्या अडचणींना टाय बांधलेले आहेत.

"सीफमधलं एक हॉटेल आहे, सर," मी म्हणालो.

"सीफमध्ये? मी तिथेच राहतो. कुठल्या बाजूला?"

"नवीन आहे. अजून बोर्ड लागलेला नाही."

बोर्ड हा शब्द तोंडातून गेला आणि माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी वहिनींकडे पाहिलं नाही. पण टेबलावरची त्यांची बोटं मला दिसत होती, पिठाने नखांच्या कडा पांढऱ्या झालेली. ती जागची हलली नाहीत.

पाहुण्यांना मात्र सोडवेना. म्हणाले, आईला पाठवायचं आहे, तिला हे आवडेल. आणि वहिनींकडे वळून, मंडळी, चक्क हिंदीत विचारलं, "आप उसी होटल में काम करती हैं?"

त्यांच्या वडिलांच्या दुकानात आपल्याकडची माणसं कामाला होती, हिंदी त्यांना लहानपणापासून येत होती, हे नंतर कळलं. म्हणजे माझ्या इंग्रजी पुलाची तशी गरजच नव्हती. वहिनी आपली दोन वाक्यंही हिंदीतून, दोन श्वासांत सांगू शकल्या असत्या.

वहिनींनी तोंड उघडलं. त्यांच्याआधी मी उघडलं. ही सवय आहे माझी, रिकामी जागा दिसली की भरायची.

"हां सर," मी म्हणालो, "हॉटेल की स्टाफ है."

हे वाक्य मी आजवर कुठल्याही पार्टीत साभिनय करून दाखवलेलं नाही. बायकोने घरी आल्यावर एवढंच विचारलं, "तुला तिची ओळख करून द्यायला शब्द सापडले नाहीत, तुला?" आणि ती मुलीच्या खोलीत गेली. समईबद्दल, शालीबद्दल, अगदी त्या नारळाबद्दलसुद्धा मी इतकं बोललो होतो. वहिनी रोज आमच्या घरी पोळ्या पोहोचवत होत्या, आणि मी त्यांना चार शब्दांत नोकरीला लावून मोकळा झालो. तेही नसलेल्या हॉटेलात.

त्यानंतर जे झालं ते आधी सांगून टाकतो, कारण शेवट मला दुसऱ्या गोष्टीवर करायचा आहे. पाहुणे लगेच गेले नाहीत. त्यांनी शाल काढून घडी घातली, खुर्ची ओढली आणि वहिनींना समोर बसवून ऐकून घेतलं. मगरिबची अजान झाली तेव्हा हॉलच्याच एका कोपऱ्यात नमाज पढून आले आणि उरलेलं ऐकलं. बाथटबच्या गोष्टीवर ते हसले नाहीत. कोणीच हसलं नाही, आणि तो प्रसंग विनोदी नाही हे मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं. वचन त्यांनी दिलं नाही. विचारून बघतो म्हणाले, आणि इंशाल्ला म्हणाले, जे इथे होकारालाही म्हणतात आणि नकारालाही. शेठ मध्ये पडून म्हणाले, सर, बाईंचं नाव कुठे येऊ देऊ नका, आम्ही सगळेच खातो. तेवढं शेठ बोलले, डोक्यावरचा फेटा काढून हातात घेऊन.

कायदा अजून आहे तिथेच आहे. वहिनींच्या नवऱ्याला दुसरीकडे नोकरी लागली, समोरचे भाडेकरू गेले, डबे चालू आहेत. आमच्या घरी पोळ्या येतात, पण आता वहिनी आणून देत नाहीत. आम्ही वर जाऊन आणतो. मी जातो. बेल वाजवतो, आतून "कोण" असं येतं, आणि मी नाव सांगितल्यावर दार उघडायला जरा वेळ लागतो. पूर्वी लागत नसे. त्या आत डबे हलवतात का, की नुसत्याच उभ्या राहतात, हे विचारायचं धैर्य मला झालेलं नाही. दारात उभं राहून एवढं गप्प राहायची मला सवय नव्हती, ती आता लागली आहे.

तर पुन्हा त्या टेबलापाशी चला. मी म्हणालो आहे, हॉटेल की स्टाफ है. पाहुण्यांच्या हातात पोळीचा तुकडा आहे. शेठ छताकडे बघताहेत. विजेची समई कोपऱ्यात एकटीच जळते आहे. वहिनींनी हातातली बशी खाली ठेवली, माझ्याकडे एकदा पाहिलं, मग पाठ केलेलं इंग्रजी सगळं बाजूला टाकून, शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात त्या पाहुण्यांना म्हणाल्या:

"सर, होटल-बिटल कुछ नहीं है. मेरे घर का किचन है, और आपको बुलाया किसलिए, वो ये लोग अभी तक बोलेच नहीं."